‘निर्यात बंद करा, गॅस स्वस्त होईल’: झालंय का कुठे असं?

निनाद_क (धागाकर्ता)
परवा ‘खडूस अभियंता’ यांनी दुसऱ्या धाग्यावर ठोकून दिलं की ज्या देशाच्या पोटात गॅस आहे त्याने तो जहाजात भरून बाहेर विकणं म्हणजे स्वतःच्याच नागरिकांचा खिसा कापणं. निर्यातीला टाळं लावा, भाव आपोआप उतरतील. खाली अनुमोदनांचा पाऊस. मी चार ओळी विरोधात लिहिल्या तर ‘कंपन्यांचा वकील’ ठरलो, म्हणून हा वेगळा धागा.

अर्जेंटिना बघा. 2002 च्या आर्थिक पडझडीत सरकारने गॅसचे देशी दर गोठवले. लोक खूश, मागणी वाढली, विहिरी खोदणारे मात्र थंड पडले. 2004 मध्ये तुटवडा दिसू लागला तेव्हा चिलीला पाइपलाइनने जाणारा गॅस कापायला सुरुवात झाली. त्याच भरवशावर चिलीने वीजकेंद्रं उभी केली होती. पुढे काय? 2008 मध्ये अर्जेंटिनाच बाहिया ब्लांका बंदरात जहाजांनी एलएनजी (अतिथंड करून द्रव केलेला गॅस) मागवू लागला. चिलीने 2009 मध्ये किंतेरो बंदरात एलएनजी उतरवायचं टर्मिनल बांधून शेजाऱ्याला रामराम ठोकला. आपला स्वस्त गॅस घरात कोंडला आणि जगाचा महाग गॅस विकत घेतला. याला कुणी स्वस्ताई म्हणत असेल तर माझा दंडवत.

गॅस काही कोठारात भरून ठेवलेलं धान्य नाही, की दार लावलं आणि उरलं. तो वर यावा म्हणून कुणीतरी आधी वीस वर्षांचा पैसा जमिनीत घालावा लागतो.

खडूस अभियंता
माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. पण अर्जेंटिनाचा घोळ दर गोठवल्यामुळे झाला, हे तुम्हीच लिहिलंय. निर्यात तोडली हा परिणाम होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मी अमेरिकेबद्दल बोलत होतो. जून 2022 मध्ये टेक्सासच्या फ्रीपोर्ट या एलएनजी निर्यात टर्मिनलला आग लागली आणि ते बंद पडलं. म्हणजे निर्यातीचा एक मोठा नळ अचानक आवळला गेला. महिन्याच्या सुरुवातीला हेन्री हबचा, म्हणजे अमेरिकेत गॅससाठी प्रमाण मानला जाणारा, भाव नऊ डॉलरच्या वर होता, महिना संपताना साडेपाचच्या आसपास. त्याच वेळी युरोपात भाव चढले. यापेक्षा स्वच्छ प्रयोग प्रयोगशाळेतही होत नाही. बायडन सरकारने जानेवारी 2024 मध्ये निर्यातीच्या नव्या परवानग्या थांबवल्या तेव्हा तुमच्यासारखेच लोक छाती पिटत होते. त्या वर्षाच्या शेवटी ऊर्जा विभागाचाच अभ्यास म्हणाला की बेछूट निर्यात केली तर 2050 पर्यंत देशी घाऊक भाव तीस टक्क्यांच्या वर जातील. तेही खोटारडे का?

निनाद_क
प्रयोग अर्ध्यावर सोडून पळू नका. फ्रीपोर्ट बंदच होतं, तरी ऑगस्टमध्ये तोच हेन्री हब पुन्हा नऊच्या वर गेला. कडक उन्हाळा, कमी साठे. आणि ज्या ‘बेछूट’ निर्यातीने तुम्ही घाबरवताय, तिच्यामुळेच विहिरी चालू आहेत. पश्चिम टेक्सासात 2024 मध्ये वाहा हब या गॅस-व्यापार केंद्रावर भाव कित्येक दिवस शून्याच्या खाली होता. गॅस घेऊन जा, वर पैसे देतो! पाइपलाइनच कमी. असा गॅस घरात ठेवून त्याचं काय करणार, जाळणार?

सुलभा_दे
तुम्हा दोघांचे आलेख झाले असतील तर जरा जमिनीवरचं सांगते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी होते. काचेची भट्टी बंद करता येत नाही. थंड झाली की आतली काच गोठते आणि भट्टी फोडून काढावी लागते. 2015 च्या आधी गॅस तीन-चार डॉलर गिगाज्यूल (उष्णतेवर गॅस मोजायचं एकक), करार वर्षानुवर्षांचे. ग्लॅडस्टोन बंदरातले एलएनजी निर्यातीचे तीन प्रकल्प सुरू झाले आणि पुरवठादारांची भाषाच बदलली. आम्ही तीन वर्षांचा दर मागितला, त्यांनी एका वर्षाचा दिला, दुपटीहून जास्त, आणि खाली ओळ: हा दर उद्या दुपारपर्यंतच. घ्या नाहीतर सोडा. का म्हणून विचारलं तर उत्तर, “आशियात आम्हाला इतके मिळतात, जहाजाचा आणि द्रवीकरणाचा खर्च वजा करून बघा.” गॅस कारखान्यापासून पाइपच्या अंतरावर, आणि आमचा भाव ठरणार टोकियोत!

निनाद, हे स्वस्त का महाग ते जाऊ दे. पण ‘बाजार’ म्हणताना समोरच्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचा वेळ, याला मी बाजार म्हणत नाही.

अणूप्रेमी
जर्मनीने 15 एप्रिल 2023 ला शेवटच्या तीन धडधाकट अणुभट्ट्या बंद केल्या. त्या चालू ठेवल्या असत्या तर हा धागाच लागला नसता.

सहज वाचक
दादा, तुम्ही पावसाच्या धाग्यावरही हेच लिहिलं होतं.

यंत्रखोलीवाला
भाव टोकियोत ठरतो म्हणालात, पण 2022 मध्ये तो युरोपात ठरत होता. तेव्हा मी एलएनजीच्या जहाजावर होतो. अमेरिकेतून माल भरून आशियाला निघालेलो, अटलांटिकमध्येच कॅप्टनला निरोप आला, नवं ठिकाण युरोप. कारण कुणी सांगत नाही, पण जहाजावर सगळ्यांना कळतं. तिकडे पोचलो तर टर्मिनलला जागा नाही. ऑक्टोबरमध्ये स्पेन आणि भूमध्य समुद्राच्या परिसरात तीसहून अधिक जहाजं ताटकळत होती. टाकीत उणे 162 अंशांवर ठेवलेला माल रोज थोडा थोडा उकळतो, तो इंजिनात जाळायचा, आणि त्यातला थोडा मिथेन न जळताच धुराड्यातून बाहेर. ‘कोळशापेक्षा स्वच्छ’ म्हणणाऱ्यांनी एक फेरी माझ्याबरोबर करावी.

गंमत म्हणजे आम्ही घिरट्या घालत होतो त्याच सुमारास युरोपात एकदा तासाभराच्या सौद्यांत भाव शून्याखाली गेला. आणि ज्यांच्याकडे जायचं होतं ते अंधारात. बांगलादेशने जुलैमध्येच हजर खरेदी (दीर्घ कराराशिवाय, त्या वेळच्या बाजारभावाने) थांबवून भारनियमन सुरू केलं होतं. पाकिस्तानच्या निविदेला बोलीच आली नाही.

भावतोल
अंधाराचा दोष जहाजांना देऊ नका. मी तेव्हा सिंगापूरला एका व्यापारी कंपनीच्या डेस्कवर होतो, आता नाही. समजा, एका जहाजात 34 लाख एमएमबीटीयू (हेही उष्णतेवर गॅस मोजायचं एकक, भाव त्यावरच). करारभाव 12 डॉलर, बाजारभाव 40. माल दुसरीकडे वळवला तर वरचे 9 कोटी 52 लाख डॉलर. करारात माल न दिल्याचा दंड करारभावाच्या 30 टक्के, म्हणजे सव्वा कोटीच्या आत. दंड भरा, माल वळवा. यात बेकायदा काहीच नाही. खरेदीदाराने सही करताना ते कलम वाचलं होतं.

यंत्रखोलीवाला
वा! म्हणजे ज्यांच्याकडे दवाखान्यात वीज नाही त्यांनी तुमचं कलम वाचत बसायचं. लाज कशी वाटत नाही हो हे इतक्या सहज लिहायला?

भावतोल
लाज वाटायची ती वाटली, म्हणूनच ‘आता नाही’ लिहिलंय. वाचायचा त्रास घ्या. कलम तसं का होतं तेही ऐका. जास्त दंडाचा करार महाग पडतो. स्वस्त दर मिळवला म्हणून मंत्र्यांनी फोटो काढले, कलम कुणी पाहिलं नाही.

सुलभा_दे
भावतोल, आम्हीही ‘उद्या दुपारपर्यंत’वर सही केलीच होती. पर्याय नसलेल्याची सही म्हणजे संमती नव्हे. आणि तुमच्या गणितात उघड्यावर आलंय की जहाजात भरलेला गॅस कुणाचाच नसतो, शेवटच्या बोलीचा असतो. मग खडूस काय वेगळं म्हणताहेत?

खडूस अभियंता
सुलभाताई, आभार. बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं. मी ‘टाळं लावा’ म्हणालो हे खरं, रागात म्हणालो. पश्चिम ऑस्ट्रेलियाने तसं टाळं लावलेलं नाही. 2006 पासून तिथे नियम आहे, 15 टक्क्यांइतका गॅस राज्यासाठी राखायचा. कंपन्या पळाल्या? गॉर्गन आणि व्हीटस्टोन हे एलएनजी प्रकल्प त्यानंतरच बांधले गेले. पूर्वेने राखीव काही ठेवलं नाही, मग 2017 मध्ये निर्यात रोखायच्या सरकारी धमक्या, डिसेंबर 2022 मध्ये भावावर गिगाज्यूलला 12 डॉलरची मर्यादा. वरातीमागून घोडं.

निनाद_क
आता मुद्द्यावर आलात. पश्चिमेचं उदाहरण मला मान्य आहे (घ्या, जपून ठेवा), पण ते तुमच्या बाजूचं किती, हे बघा. नियम आधी होता, पैसा नंतर आला. आकडेमोड करतानाच कंपन्यांनी 15 टक्के वजा धरले. उलटं केलं की इजिप्त होतं. दमिएत्ताचा द्रवीकरण प्रकल्प उभा राहिल्यावर देशात गॅस कमी पडला, तो घराकडे वळवला, प्रकल्प 2012 पासून 2021 पर्यंत ठप्प. भागीदार कंपनी लवादात गेली आणि 2018 मध्ये इजिप्तवर दोन अब्ज डॉलरचा निवाडा आला.

खडूस अभियंता
म्हणजे राखीव ठेवणं बरोबर, फक्त वेळेवर. हेच मी गेले दोन दिवस बोंबलतोय आणि तुम्ही त्याला ‘अडाणी राष्ट्रवाद’ म्हणत होता. इजिप्तने वळवला नसता तर लोकांनी काय लवादाचे कागद जाळून दिवे लावायचे होते? राष्ट्राध्यक्ष मोरसी यांच्या सरकारच्या काळातल्या वीजकपातीवर लोक किती भडकले होते ते आठवा. दोन अब्ज परवडले म्हणा.

निनाद_क
परवडले नाहीत, आणि तुम्हालाही ते माहीत आहे. झोहर हे इजिप्तचं मोठं गॅसक्षेत्र सापडलं ते 2015 मध्ये एनी या इटालियन कंपनीला, आणि एनीने तिथे पैसा घातला कारण थकबाकी फेडायचं आणि नव्या क्षेत्रांना चांगला भाव द्यायचं सरकारने कबूल केलं. बोंबा मारून गॅस सापडत नाही. आणि 2024 च्या उन्हाळ्यात तोच इजिप्त पुन्हा जहाजांनी एलएनजी आणत होता, हेही तुमच्या खात्यावर लिहू का?

अणूप्रेमी
इजिप्त एल दबाला अणुवीज केंद्र बांधतोय. सहज सांगितलं.

सुलभा_दे
भावतोल, इथे सगळे देश फिरून झाले, माझा प्रश्न तिथेच. दंड करारभावाऐवजी त्या दिवसाच्या बाजारभावावर बांधला तर? मग माल वळवून नफाच उरणार नाही.

भावतोल
बांधा की. विकणारा 12 च्या जागी 14 सांगेल. ते वरचे दोन डॉलर वर्षानुवर्षं, प्रत्येक जहाजावर. बाजार शांत असताना कुठला अर्थमंत्री त्यावर सही करतो ते मला दाखवा.

यंत्रखोलीवाला
तुमच्या जुन्या डेस्ककडून घ्या ना ते दोन डॉलर. साडेनऊ कोटी उरलेच असतील थोडेफार.