शुक्रवारची नाइट, शनिवारचं लॉन: सपोर्टची नोकरी सांभाळून बँड कसा जमवायचा?

चारतारी

नागपुरातले बँडवाले आणि आयटीवाले, दोघांनाही विचारतोय.

नोकरी: परसोडीच्या आयटी पार्कात एल१-एल२ सपोर्ट (युजरच्या कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवायची पहिली-दुसरी पायरी). क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ६:३० ते रात्री ३:३०. टीम पाच जणांची. वीकेंड ऑन-कॉल (सुट्टीतही फोन उचलायची पाळी) पाच आठवड्यांतून एकदा, पण हे कागदावर. प्रत्यक्षात महिन्यातून दोनदा. पी१ (सगळ्यात तातडीचा बिघाड) आला की १५ मिनिटांत उचलायचा.

बँड: पाच जण. बेस गिटार माझ्याकडे, लॅपटॉपवरून ट्रॅक (आधी रेकॉर्ड केलेली साथ) सोडणंही माझ्याकडेच. वर्धा रोड आणि कोराडी रोडची लॉन्स, अधूनमधून सदर-धरमपेठेतले कॅफे, सीझनमध्ये भंडारा, वर्धा, अमरावती.

अडतं कुठे ते सांगतो. ऑन-कॉलच्या वीकेंडला बुकिंग घ्यायचं की नाही? सलग दोन वर्षं तुळशीच्या लग्नानंतरच सगळं का बिघडतं? शुक्रवारी शेवटच्या तासात आलेली तिकिटं (युजरच्या नोंदवलेल्या तक्रारी) शनिवारपर्यंत लोंबकळतात, त्यांचं काय? आणि ट्रॅकसाठी ऑफिसचा लॅपटॉप चालेल का? "नोकरी सोड" हा सल्ला नको, घराचे हप्ते आहेत.

रोस्टरवाली

आधी एक गोष्ट: यूएस शिफ्ट बँडसाठी लोक म्हणतात तेवढी वाईट नाही. जनरल शिफ्टवाल्याला रविवारी रात्री लॉनवरून येऊन सोमवारी ९ ला लॉगिन करावं लागतं. तुमचा सोमवार संध्याकाळी सुरू होतो. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी तिकडे वीकेंडची सकाळ असते, रांग जवळजवळ रिकामी. तुमचा खरा अडथळा शुक्रवारची रात्र आणि रविवारची सकाळ, एवढाच आहे.

तुळशीच्या लग्नानंतर का बिघडतं? अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. तिथले सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले ६:३०, हिवाळ्यात ७:३०. शिफ्ट ४:३० पर्यंत लांबते आणि नेमकी त्याच सुमारास लग्नसराई सुरू होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती परत ६:३० वर येते. या दोन तारखा आणि मुहूर्त एकाच कॅलेंडरवर मांडा. धनुर्मासात, म्हणजे साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी, लग्नं नसतात. चातुर्मासातही नाहीत. ते वीकेंड ऑन-कॉलसाठी स्वतःहून मागून घ्या आणि बदल्यात नोव्हेंबर-डिसेंबरचा पहिला पंधरवडा, फेब्रुवारी आणि वैशाख सोडवून घ्या. "मला त्या दिवशी गिग आहे" यापेक्षा "ख्रिसमस आणि नवीन वर्ष दोन्ही मी घेतो" हे वाक्य टीम लीडच्या गळी लवकर उतरतं. मात्र ३१ डिसेंबरला हॉटेलचं बुकिंग घेणार असाल तर हा सौदा त्या एका रात्रीपुरता बसत नाही, तेव्हा ते आधी ठरवा.

दुसरी ठरलेली तारीख म्हणजे मायक्रोसॉफ्टचे पॅच (विंडोजच्या दुरुस्तीचे अपडेट). महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, म्हणजे ८ ते १४ च्या दरम्यान. अनेक ठिकाणी सर्व्हर त्या आठवड्याच्या शनिवारी रात्री, त्यांच्या वेळेने, पॅच होतात. तिकडचे शनिवार रात्रीचे १० म्हणजे हिवाळ्यात आपले रविवार सकाळचे ८:३०. तुमच्या क्लायंटची चेंज विंडो (सर्व्हरवर बदल करायची ठरलेली वेळ) वेगळी असेल तर चेंज कॅलेंडर बघून घ्या, पण हिशोब असाच करायचा. म्हणून १३ ते १९ मध्ये पडणाऱ्या रविवारच्या आदल्या रात्री अमरावती घेऊ नका. घरी यायला ३ वाजतात आणि ८:३० ला प्रिंट सर्व्हर रुसतो.

प्रायमरी ऑन-कॉल (पहिला फोन ज्याला येतो तो) आणि स्टेज एकाच रात्री नको, याला अपवाद करू नका. ४५ मिनिटांचा सेट, फोन केसमध्ये, समोर ढोल: १५ मिनिटांत पी१ उचलला जाणार नाही. दिवसभराचा ऑन-कॉल तुमचाच ठेवून फक्त तेवढे तास दुसऱ्याला द्यायचे असतील तर बदल पेजिंगच्या टूलमध्ये (बिघाड झाला की पाळीवाल्याला आपोआप फोन करणारं सॉफ्टवेअर) करा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं "हो रे घेतो" टूलला कळत नाही, ते तुम्हालाच फोन करणार. आणि टूलचा टाइमझोन बघा! आपले शनिवार दुपारी ४ ते मध्यरात्री २ म्हणजे हिवाळ्यात ईस्टर्न वेळेने शनिवार पहाटे ५:३० ते दुपारी ३:३०. इथे तारीख चुकली की बदल भलत्याच दिवशी लागतो. टाकून झाला की स्वतःवर एक टेस्ट पेज पाठवा. तो बदली माणसाच्या फोनवर वाजला तरच झालं समजा.

हमनको

भाऊ, कंपनीचा लॅपटॉप स्टेजवर नेऊच नको. यूएसबी बंद असते, पॉलिसी कधीही अपडेट ढकलते, आणि चोरीला गेला तर ट्रॅकपेक्षा डेटाचं प्रकरण मोठं होते. जुना आय५, ८ जीबी रॅम, एसएसडी टाकलेला, एवढा लॅपटॉप ट्रॅकसाठी भरपूर आहे. पण तो फक्त ट्रॅकचा. त्यावर जीमेल नाही, काही नाही.

सेटिंग सांगतो. विंडोज अपडेट पॉज कर, एका वेळी पाच आठवडे थांबवता येते. पॉवर प्लॅनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, नाहीतर ऑडिओ इंटरफेस दोन गाण्यांच्या मधातच झोपते. झाकण लावल्यावर काहीच करू नये असं ठेव. सॅम्पल रेट ट्रॅक आणि इंटरफेस दोघांचा एकच, ४८ किंवा ४४.१ किलोहर्ट्झ. काही प्लेअर मधात रूपांतर करत नाहीत, मग ४४.१ चा ट्रॅक ४८ वर वाजला की जवळपास दीड सेमीटोनने वर जाते आणि गाणारा तुझ्याकडे पाहून राहते. बफर २५६ ठेव, ट्रॅकच सोडायचे आहेत तर त्याहून कमीची गरज नाही. डाव्या चॅनेलवर ट्रॅक मोनोमध्ये, उजव्यावर क्लिक (ठेका धरायचा टकटक आवाज), दोन डीआय (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारे डबे). क्लिक ड्रमरच्या वायरवाल्या इअरफोनमध्ये. ब्लूटूथ देऊ नको, उशीर इतका असते की ड्रमर पूर्ण गाणं मागंच राहीन. बॅकअप म्हणून त्याच फाइल फोनमध्ये, फोन एअरप्लेन मोडवर, आणि ३.५ ते डबल जॅक केबल केसच्या झाकणात चिकटवून.

मिक्सरकडे या. एक्सआर१८ सारखा टॅबवरून चालणारा डिजिटल मिक्सर असंल तर त्याच्या आतल्या वायफायवर भरोसा नको. पाचशे वऱ्हाडी आले म्हणजे पाचशे फोन आले, २.४ गिगाहर्ट्झचा पुरा बाजार होते. साउंडचेकला छान चालते, जेवण सुरू झालं की तुटते, ते यामुळंच. बाजूचा स्विच इथरनेटवर टाक, साधा ड्युअल बँड राउटर लाव, ५ गिगाहर्ट्झ, चॅनेल ३६ ते ४८ मधला. राउटर स्टेजच्या मागं जमिनीवर नाही, माइक स्टँडवर छातीच्या उंचीला. आता हे ध्यानात ठेव: या राउटरला इंटरनेट नसते, म्हणून अँड्रॉइड टॅब "नेट नाही" म्हणत गुपचूप दुसरीकडं उडी मारते. टॅबमधलं सिम काढ, मोबाइल डेटावर आपोआप जाण्याचं सेटिंग बंद कर, बाकी सेव्ह केलेले वायफाय सारे विसरायला लाव.

लाइट गेली आणि जनरेटरवर आलं, या मधात दोन-चार सेकंद जातात. तेवढ्यात मिक्सर रीस्टार्ट होते आणि पब्लिकला वाटते बँडनंच घोळ केला. मिक्सर, राउटर, लॅपटॉप या तिघांना ६०० व्हीएचा यूपीएस पुरते. स्पीकर त्यावर लावू नको. प्लग लावायच्या आधी मल्टिमीटर: फेज-न्यूट्रल २२० ते २४०, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थवर ३०-४० दिसले तर अर्थिंग लटकून आहे, मंडपवाल्याच्या इलेक्ट्रिशियनला बोलाव, त्याच्या आधी माइकला ओठ लावू देऊ नको कोणाले. गुणगुण येऊन राहिली तर डीआयचा ग्राउंड लिफ्ट दाब. प्लगची अर्थ पिन काढणारे लोक आहेत आपल्याकडं, तसं करू नको, जीव जाते त्यानं.

आणि मे महिन्यात लॅपटॉप गाडीच्या डिक्कीत ठेवू नको. बाहेर ४४, आत त्याहून कितीतरी जास्त.

तिकीटक्लोज

वरच्या दोघांनी वीकेंड वाचवला, पण वैताग तर सोमवार ते शुक्रवारचा आहे. त्यावर.

गेल्या ९० दिवसांची तिकिटं एक्सेलमध्ये काढून विषयानुसार पिव्होट करा, म्हणजे कुठल्या विषयाची किती ते मोजा. अशा डेस्कवर पहिल्या तीनात पासवर्ड, अकाउंट लॉक आणि व्हीपीएन असतातच. यातलं "अकाउंट लॉक" नुसतं अनलॉक करून बंद केलं की ते तासाभरात परत येतं, आणि शुक्रवारी तर येतंच. कारण शोधा: पीडीसी एम्युलेटरवर (अकाउंट लॉकची नोंद ठेवणारा मुख्य डोमेन सर्व्हर) इव्हेंट ४७४०, त्यात कुठल्या मशीनवरून लॉक झालं ते नाव दिसतं. बहुतेक वेळा जुना पासवर्ड साठवलेला फोनचा मेल, क्रेडेन्शियल मॅनेजर, मॅप केलेला ड्राइव्ह किंवा ऑफिसच्या वायफायचं प्रोफाइल. नाव रिकामं असेल तर फोनवर संशय आधी. युजरला एकच मेल: फोनवरून खातं काढा, पाच मिनिटं थांबा, नव्या पासवर्डने पुन्हा टाका. व्हीपीएनचंही तसंच. घरून काम करणाऱ्याने व्हीपीएनबाहेर पासवर्ड बदलला की लॅपटॉपच्या लॉगिनला जुना आणि मेलला नवा, असे दोन पासवर्ड होतात. व्हीपीएन जोडून स्क्रीन लॉक करायची आणि नव्या पासवर्डने उघडायची. हे दोन लेख नॉलेज बेसमध्ये टाकले आणि सेल्फ-सर्व्हिस रीसेटची मागणी तुमच्या पिव्होटसकट लीडकडे दिली तर तिला वजन येतं. "खूप कॉल येतात" या तक्रारीला येत नाही.

शुक्रवारच्या तिकिटांसाठी घड्याळ उलटं लावा. युजरकडून उत्तर हवं असलेली सगळी तिकिटं रात्री ११ च्या आत पाठवून टाका. हिवाळ्यात तेव्हा तिकडे दुपारचे १२:३० असतात, माणूस जागेवर असतो. १ नंतर पाठवलेल्या प्रश्नाचं उत्तर सोमवारीच येतं. तिकीट "युजरच्या उत्तराची वाट" या स्टेटसला टाकायला विसरू नका, नाहीतर एसएलएचं (तिकीट सोडवायच्या ठरलेल्या मुदतीचं) घड्याळ वीकेंडभर चालू राहतं. शेवटच्या दोन तासांत कोणाच्याही मशीनवर बदल करायचा नाही. ड्रायव्हर तर नाहीच नाही.

हँडओव्हर चार ओळींचा: काय बिघडलं, काय करून झालं, कोणाच्या उत्तराची वाट, पुढचं पाऊल कधी. चौथी ओळ नसली की बदली माणूस तुम्हालाच फोन लावतो, तेही तुम्ही केबल गुंडाळत असताना.

संत्राबर्फी

कागदपत्रांचं कोणी बोललं नाही म्हणून.

नेमणूकपत्रातलं "इतर रोजगार" कलम शोधा. पूर्वपरवानगी लिहिलं असेल तर एचआरला मेल करून घ्याच: कामाच्या वेळेबाहेर, स्पर्धक व्यवसाय नाही, कंपनीचं साधन नाही, पोस्टरवर कंपनीचं नाव नाही. तोंडी "काही हरकत नाही" हे लीड बदलला की उडून जातं. गिगच्या दिवशी आजारपणाची रजा टाकू नका. नवरीच्या बहिणीने रीलमध्ये टॅग केलं की संपलं.

बँडचे पैसे पगाराव्यतिरिक्त व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवायचे, त्यामुळे आयटीआर-१ चालत नाही, ३ किंवा ४ लागतो. इव्हेंट कंपनीने टीडीएस कापला तर तो एआयएसमध्ये (आयकर खात्याकडचं तुमचं वार्षिक माहितीपत्रक) दिसतो. न दाखवलेली रक्कम नोटीस बनून येते. लॅपटॉप, डीआय, प्रवास यांची बिलं ठेवा. आयटीआर-४ मधला अंदाजित नफा घेतलात तर खर्च वेगळा वजा होत नाही, दोन्ही हिशोब करून बघा.

बुकिंगला निम्मे आगाऊ, उरलेले स्टेजवर चढायच्या आधी. करारात सुरू होण्याची वेळ आणि रात्री १० ला थांबण्याची वेळ, दोन्ही लिहा. उघड्या जागेत १० नंतर ध्वनिक्षेपक बंद हा ध्वनिप्रदूषण नियम २००० चा भाग आहे, तुमची मर्जी नव्हे. वरात दीड तास उशिरा आली तर तुमचा एक सेट कमी होतो, पैसे नाहीत, हे त्याच ओळीत. नोकरीवाल्यासाठी हा नियम वरदान आहे: ११ ला गाडी भरून झालेली असते.

चारतारी

सगळ्यांचे आभार. @हमनको, टॅब उडी मारतो ते आत्ता कळलं. दोन गोष्टी राहिल्या. शनिवारी दुपारी ३ ला लोड-इन (सामान स्टेजवर चढवणं) असेल तर झोप कशी बसवायची? आणि ऐनवेळी मी अडकलोच तर बेस कोण वाजवणार?

रोस्टरवाली

४:३० ला सुटलात तर ५:१५ ते १२:१५ झोप, सात तास बसतात. त्यासाठी शेवटचा चहा रात्री ११ चा. खोलीला जाड पडदा, आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा, कारण शनिवारी सकाळी भाजीवाला, गॅसवाला, सगळे तेव्हाच येतात. ३ चं लोड-इन गावात असेल तरच. भंडाऱ्याला जायचं तर १ ला निघावं लागतं, तिथे शुक्रवारी अर्धी रजा टाका. येताना स्टीअरिंग शुक्रवारी रात्री न जागलेल्या माणसाकडे. कोणीच नसेल तर ड्रायव्हर, आणि त्याचा खर्च बुकिंगच्या आकड्यात आधीच धरा.

कानांचंही बघा. आठवडाभर हेडसेट आणि वर स्टेज. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, १०० ला पंधराच मिनिटं. फोमचे नकोत, त्याने वरचे सूर दबतात. संगीतवाल्यांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या.

हमनको

बदली बेसवाला आतापासूनच धरून ठेव. त्याले रेकॉर्डिंगचा ढीग पाठवू नको, तो ऐकतच नाही. एका गाण्याला अर्धं पान: स्केल, टेम्पो, अंतरे किती, कुठं थांबायचं. तुमच्या गायकानं मूळ स्केल दोन सूर खाली घेतली असंल तर ते सगळ्यात वर, लाल पेनानं. आणि ट्रॅक सोडायचं काम बेसवाल्याकडून काढून ड्रमरला दे. क्लिक तसाही त्याच्याच कानात आहे, आणि तू नसला तरी लॅपटॉप अडून राहत नाही.