अनुभव धागा: जुन्या ट्रकचा पॉवर स्टेअरिंग पंप गळतोय – सील, किट की नवा पंप?

ठाणे-नवी मुंबईत पंधरा-वीस वर्षं जुन्या दहाटायरी आणि सहाटायरी गाड्या अजून भरपूर चालतात. गायमुख घाट, शिळफाटा, उरणचा रस्ता, सगळीकडे त्या भरलेल्याच दिसतात. या गाड्यांत पॉवर स्टेअरिंगचं ऑईल कमी होणं इतकं नेहमीचं झालं आहे की बरेच जण बाटली ओतून पुढे जातात. पंप कोरडा फिरला तर तो मरतो, आणि भर वळणात स्टेअरिंग जड झालं तर माणसं मरतात. म्हणून हा धागा.

गळती नेमकी कुठली हे कसं ओळखता, पंप कसा काढता, सील कधी पुरतं आणि कधी पंपच बदलावा लागतो, नवा पंप बसवल्यावर काय बिघडतं, हे लिहा. माप, क्रम, कारण द्या. गेअरवर चालणाऱ्या (पट्ट्याऐवजी इंजिनच्या गेअरने फिरणाऱ्या) पंपाबद्दल जास्त लिहा, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो.

रबाळे वर्कशॉप

आधी धुणं. पंप, टाकी, होज, स्टेअरिंग बॉक्स (पंपाच्या दाबाने चाकं वळवणारा), सगळं साबणाच्या पाण्याने धुऊन हवा मारा. डिझेलने धुतलं तर त्याचाच थर राहतो आणि नवं ऑईल कुठलं ते कळत नाही. अल्टरनेटर आणि टाकीच्या झाकणावर पाण्याचा जेट मारू नका. कोरडं झाल्यावर जोडांवर टाल्कम पावडर शिंपडा, इंजिन आयडलला ठेवून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फिरवा. पावडर जिथे ओली होईल तिथे गळती.

थेंब जिथे पडतो तिथे गळती असेलच असं नाही. चालत्या गाडीत वाऱ्याने ऑईल मागे पसरतं. पंप ओला दिसतो म्हणून पंप काढायचा आणि नंतर कळायचं की वरच्या बॅन्जो बोल्टचा (होजचं टोक धरणारा पोकळ बोल्ट) तांब्याचा वायसर गेला होता, असं पुष्कळदा होतं. म्हणून वरून खाली बघत या: टाकीचं झाकण, टाकीचा जोड, सक्शन होज (टाकी ते पंप), प्रेशर होज (पंप ते बॉक्स), पंपाचं बॉडी जॉइंट, आणि शेवटी शाफ्टचं सील. बॉक्स गळत असेल तर ओल बहुधा पिटमन आर्मच्या (बॉक्सच्या बाहेरचा, चाकं वळवणारा दांडा) शाफ्टपाशी किंवा वरून कॉलमची रॉड येते तिथे दिसते.

इंजिन चालू असताना प्रेशर होजवरून हात फिरवून गळती शोधू नका. बारीक भोकातून शंभर बारच्या वर दाबाने आलेली धार कातडीतून आत जाते. पुठ्ठा धरा.

फ्लीट मेंटेनन्स, तळोजा

गेअरवरच्या पंपाची मुख्य गोष्ट अशी की शाफ्टचं सील गेलं तर ऑईल बहुधा बाहेर येतच नाही. पंपाचं तोंड टायमिंग केसमध्ये (इंजिनच्या गेअरच्या डब्यात) किंवा ब्रेकच्या हवेच्या कॉम्प्रेसरच्या मागे उघडतं, त्यामुळे ऑईल थेट इंजिनच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिन ऑईलच्या खालच्या टाकीत उतरतं. खाली एक थेंब नाही, होज कोरडे, आणि टाकी मात्र रोज उतरते. ड्रायव्हरने ऑईल विकलं असा आरोप होण्याआधी इंजिनची डिपस्टिक बघा.

तपास असा. थंड इंजिनवर डिपस्टिकची पातळी आणि स्टेअरिंग टाकीची पातळी दोन्ही लिहून ठेवा. टाकीला पेंटने खूण करा. एक ड्युटी झाल्यावर, गाडी थंड झाल्यावर, त्याच सपाट जागेवर पुन्हा मोजा. टाकी खाली आणि इंजिन वर, तर सील. इंजिनची पातळी डिझेलनेही वाढते, पण तेव्हा टाकी उतरत नाही आणि डिपस्टिकला डिझेलचा वास येतो. स्टेअरिंगच्या ऑईलचा लाल रंग इंजिनच्या काळ्या ऑईलमध्ये दिसणार नाही, त्यावर विसंबू नका.

हे चालू ठेवलं तर स्टेअरिंगच्या पातळ ऑईलने इंजिनचं ऑईल पातळ होतं आणि गरम इंजिनवर ऑईल प्रेशर घसरतं. सील बदलल्यावर इंजिन ऑईल आणि फिल्टर बदलायलाच हवेत. तिथे पैसे वाचवू नका.

घोडबंदरचा मिस्तरी

तळोजावाले दादा, याची उलटी बाजूही लिहायला हवी. अशा पंपाचं सील बहुतेक दोन ओठांचं असतं. एक ओठ स्टेअरिंगचं ऑईल धरतो, दुसरा इंजिनचं. शाफ्टची आतली जागा सक्शनच्या बाजूला जोडलेली असते, त्यामुळे सक्शन होज किंवा फिल्टर चोक झाला की तिथे ओढ तयार होते आणि इंजिनचं ऑईल आत खेचलं जातं. मग टाकीतलं लाल ऑईल काळं पडतं, पातळी वाढते, झाकणातून बाहेर येतं. लोक झाकण बदलत बसतात.

टाकीत काळं ऑईल दिसलं तर सीलबरोबर सक्शन होजही बदला. जुन्या होजचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं आडवं येतं, बाहेरून तो होज चांगला दिसतो.

काही पंपांना दोन सीलच्या मध्ये बाहेर उघडणारं बारीक छिद्र असतं. तिथून थेंब येत असेल तर ती सूचना आहे. एमसील लावून ते बुजवू नका.

होज क्रिंपिंग, कळंबोली

आमच्याकडे सर्वात जास्त चुकीचा माल येतो तो सक्शनच्या बाजूचा. रेडिएटरच्या होजचा तुकडा कापून टाकी ते पंप लावलेला असतो. तो रबर पाण्यासाठी आहे. ऑईल लागलं की फुगतो, मऊ पडतो, गरम झाल्यावर ओढीने चपटा होतो. मग पंप कुई-कुई आवाज करतो आणि सगळे पंपाला दोष देतात. ऑईलसाठीचा होज मागा.

सक्शनच्या जोडावर गंमत अशी की तिथे ऑईल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. थेंब नाही, पण टाकीत फेस. ऑईल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आधी ती क्लिप आवळा.

प्रेशर होज बनवायला देताना जुना होज बरोबर आणा. लांबीपेक्षा महत्त्वाचा असतो तो दोन्ही टोकांच्या डोळ्यांचा एकमेकांशी कोन. कोन चुकला की होज पिळून बसतो आणि क्रिंपिंगपाशी (होजवर टोक दाबून बसवलेलं असतं तिथे) सुटतो. सायलेन्सर किंवा कॉम्प्रेसरच्या गरम पाइपाला होज टेकता कामा नये. बॅन्जोचे वायसर दर वेळी नवे घाला. टेफ्लॉन टेप कुठेही नको, त्याचे धागे पंपाच्या फ्लो व्हॉल्व्हमध्ये (ऑईलचा प्रवाह ठरवणारी झडप) अडकतात.

रबाळे वर्कशॉप

पंप काढण्याचा क्रम. पुढची चाकं सरळ, मागच्या चाकांना गुटके. टाकीतलं ऑईल स्वच्छ पांढऱ्या डब्यात काढा, फेकू नका, ते पुढे बघायचं आहे. होज सोडल्यावर दोन्ही तोंडं लगेच प्लास्टिकच्या बुचाने बंद करा. चिंधी कोंबली तर धागे आत राहतात.

पंप बाहेर आल्यावर शाफ्ट दोन बोटांनी धरून वर-खाली हलवा. हाताला खेळ जाणवला तर नवं सील घालण्यात अर्थ नाही. बुश किंवा बेअरिंग गेलेलं आहे, शाफ्ट लपकतो, सील थोड्याच दिवसांत पुन्हा जाणार. दुसरं, सील जिथे घासतं तिथे शाफ्टवर नख फिरवा. नख अडकण्याइतकी चर असेल तर तोच निकाल. इकडे पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या पट्ट्यावर चालणाऱ्या पंपांत त्याच जागी गंजाचे टिपके पडतात.

शाफ्ट गुळगुळीत आणि खेळ नाही, तर सील किट पुरेल.

गेअर किंवा पुली पुलरनेच काढा. हातोड्याचा एक ठोका शाफ्टमधून थेट पंपाच्या आतल्या रोटर आणि प्रेशर प्लेटवर जातो. नंतर पंप प्रेशर देत नाही आणि कारण सापडत नाही.

सुटे भाग, तुर्भे

सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. फक्त माप घेऊन साधं सील उचलू नका. ओठ एक की दोन, आणि रबर कुठला, हे सांगा. गरम इंजिनजवळच्या जुन्या पंपाला व्हायटॉनचं सील साध्या नायट्राइलपेक्षा जास्त टिकतं, फरक थोड्या पैशांचा आहे.

बसवताना स्प्रिंगची बाजू ऑईलकडे, ओठाला ग्रीस, आणि शाफ्टच्या चावीच्या खाचेवर किंवा स्प्लाइनवर (उभ्या दात्यांवर) गुळगुळीत टेप गुंडाळून मग सील सरकवा. धार लागून ओठ कापला गेला तर ते बाहेरून कळत नाही. बाहेरच्या व्यासाच्या सॉकेटने सरळ दाबा. पेचकसने कडेकडेने ठोकू नका. बॉडीच्या जोडावर ओ-रिंगच घालायची, सिलिकॉनची पेस्ट नाही.

नवा पंप घेताना जुन्याची पाटी पुसून तिचा फोटो आणा. पार्ट नंबर, फिरण्याची दिशा, मिनिटाला किती लिटर, जास्तीत जास्त किती बार, हे जुळलं पाहिजे. आणि शाफ्टचा प्रकार व गेअरचे दात. दिशा शाफ्टच्या बाजूने बघायची. उलट्या दिशेचा पंप बोल्टला बरोबर बसतो, पण ऑईल फेकत नाही आणि कोरडा फिरून जातो. 16 लिटरच्या जागी 12 लिटरचा लावला तर आयडलला गाडी वळवताना स्टेअरिंग मध्येच जड लागेल. बारचा आकडा जास्त असलेला पंप लावला तर बॉक्सची सीलं आणि होज जातील.

फ्लीट मेंटेनन्स, तळोजा

तो पांढऱ्या डब्यातला ऑईल आता उन्हात धरा. चंदेरी चमक असेल तर पंपाच्या आतलं लोखंड सुटलं आहे. ते फक्त पंपात नसतं, बॉक्समध्ये, होजमध्ये, टाकीच्या तळाला असतं. नुसता पंप बदलून गाडी सोडली तर तोच कचरा नव्या पंपाच्या व्हेनवर (ऑईल ढकलणाऱ्या आतल्या पात्यांवर) येतो. नवा पंप लवकर जाण्याचं हे पहिलं कारण, आणि मग दुकानदाराशी भांडण होतं.

त्यामुळे टाकी उतरवून धुवायची, आतला फिल्टर नवा. पुढचा अॅक्सल जॅकवर घेऊन खाली घोडी लावा. रिटर्न होज (बॉक्समधून ऑईल टाकीत परत आणणारा) सोडून बादलीत घाला, टाकीचं रिटर्नचं तोंड बुचाने बंद करा, आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवत राहा. एक जण टाकीत ताजं ऑईल ओतत राहील. बादलीत स्वच्छ लाल येईपर्यंत. या वर्गाच्या गाड्यांत सिस्टिममध्ये साधारण 3 ते 4 लिटर बसतं, म्हणून फ्लशसकट त्याच्या दुप्पट आणून ठेवा. नक्की माप आणि ग्रेड गाडीच्या पुस्तकात असतं. बहुतेक जुन्या गाड्यांना डेक्स्रॉन प्रकारचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑईल.

चालक, उरण लाइन

मिस्तरी लोकांना विनंती, एअर काढायची पद्धत नीट लिहा. गॅरेजमधून निघताना स्टेअरिंग हलकं असतं आणि जासईपर्यंत जाता जाता गुणगुणायला लागतं.

घोडबंदरचा मिस्तरी

भाऊ, हवा राहिली की असंच होतं. पद्धत अशी.

पंप बसवण्याआधी सक्शनच्या तोंडातून ऑईल ओतत शाफ्ट हाताने फिरवायचा, प्रेशरच्या तोंडातून ऑईल येईपर्यंत. कोरडा पंप इंजिनवर फिरला तर काही सेकंदांत व्हेन आणि त्या जिच्यावर घासतात ती कॅम रिंग ओरखडतात.

जोडणी झाल्यावर टाकी भरा. पुढची चाकं अधांतरी. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत दहा-पंधरा वेळा हळू फिरवा, पातळी उतरेल तसं ओतत राहा. मग इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंजिनचा स्टॉप ओढून धरून स्टार्टर थोडा थोडा मारा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा कमी. टाकी एकदाही रिकामी होता कामा नये, झाली तर पुन्हा पहिल्यापासून.

आता इंजिन चालू, फक्त आयडलला. रेस नको. हळू फिरवा, आणि टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, तिथे सगळा दाब रिलीफ व्हॉल्व्हवर (जादा दाब सोडणाऱ्या झडपेवर) येऊन ऑईल उकळतं. बुडबुडे थांबले की झालं. फेस फार झाला तर इंजिन बंद करून अर्धा तास तसंच ठेवा. बॉक्सवर ब्लीडचं (हवा काढायचं) निपल असेल तर त्यातूनही काढा.

खात्री अशी करायची: चालू इंजिनवर पातळी बघा, मग बंद करा. पातळी 1-2 सेंटिमीटरपर्यंत वर आली तर चालतं. त्याहून जास्त आली तर हवा आत आहे, गाडी सोडू नका.

रबाळे वर्कशॉप

स्टेअरिंग जड आहे पण गळती नाही, अशा गाडीचा पंप काढण्याआधी गेज लावा. 0 ते 250 बारचा गेज आणि त्याच्या पुढे बॉक्सकडे जाणारा व्हॉल्व्ह, पंप आणि बॉक्सच्या मधे. ऑईल गरम, इंजिन आयडलला, व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून आकडा वाचा आणि पाच सेकंदांच्या आत उघडा. पाटीवरचा दाब आला तर पंप ठीक आहे, बॉक्स आतून दाब सोडतोय. आला नाही तर फ्लो व्हॉल्व्ह काढून बघा, बरेचदा तो कचऱ्याने अडकलेला असतो आणि धुऊन सुटतो. पंप उघडलाच तर व्हेनची गोल कड बाहेर, कॅम रिंगकडे. उलटी बसली तर प्रेशर येत नाही.

आणि किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं ती. पुढचा अॅक्सल उचलून पिटमन आर्मचा ड्रॅगलिंक (चाकांकडे जाणारी रॉड) सोडा आणि चाक हाताने वळवा. तिथेच जड लागलं तर ग्रीसिंग नाही किंवा किंगपिनचं बेअरिंग गेलं. अशा गाडीत पंप सतत पूर्ण दाबावर काम करतो आणि सील दर वर्षी जातं. चाकाच्या स्टॉपरचे बोल्टही बघा.

चालक, उरण लाइन

समजलं मिस्तरी. अजून एक विचारतो. रस्त्यात टाकी रिकामी झाली आणि लाल ऑईल नाही, तर ब्रेक ऑईल चालतं असं पेट्रोल पंपावर एकाने सांगितलं.

सुटे भाग, तुर्भे

अजिबात नाही. ब्रेक ऑईल ग्लायकॉलचं असतं, पॉवर स्टेअरिंगच्या रबराला ते चालत नाही. पंपापासून बॉक्सपर्यंतची सगळी सीलं फुगून मऊ पडतात, मग किट दोन्हींची लागते. केबिनमध्ये एटीएफचा एक लिटर सीलबंद डबा ठेवा. गळती बंद करणाऱ्या बाटल्याही रबर मऊ करूनच काम करतात, काही दिवस थांबते आणि मग जास्त गळते.

फ्लीट मेंटेनन्स, तळोजा

भाऊ, पंप गेअरवर असेल तर टाकी पूर्ण रिकामी ठेवून गाडी चालवू नका. पट्ट्याचा पंप असता तर पट्टा काढून हळू आणता आली असती, गेअरचा पंप थांबवता येत नाही. तो जाम झाला तर गेअरचे दात तुटून टायमिंग केसमध्ये पडतात. बाजूला लावा, टो करून आणा.

काढलेलं ऑईल गटारात किंवा एमआयडीसीच्या नाल्यात सोडू नका. 2016च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑईल येतं, झाकणाच्या डब्यात साठवून परवानाधारक रिसायकलरलाच द्यायचं. इंजिनचं आणि हे एकत्र साठवलं तरी चालतं, कूलंट आणि ब्रेक ऑईल मात्र वेगळं ठेवा.