मदत हवी आहे: सच्छिद्र झिरकोनियम फॉस्फेट कॅल्सिनेशनमध्ये (उच्च तापमानाला भाजताना) कोसळतंय

नमस्कार मंडळी, मी सीटॅब (एक सर्फॅक्टंट) टेम्प्लेट, म्हणजे छिद्रांचा साचा, म्हणून वापरून मेसोपोरस (काही नॅनोमीटरच्या छिद्रांचं) झिरकोनियम फॉस्फेट बनवतोय, ॲसिड कॅटॅलिस्ट म्हणून वापरायचंय. धुवून वाळवलेल्या पावडरचा एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) काढला की २ अंशाच्या कोनाच्या आसपास पीक छान दिसतो, म्हणजे छिद्रांची रचना नीट असते, पण ५५० अंश सेल्सियसला हवेत कॅल्सिनेशन केलं की तो पीक गायब आणि सरफेस एरिया पार खाली येतो, म्हणजे सीटॅब जळून जातो आणि त्याच्यासोबत भिंतीही बसतात. सिलिकाच्या एमसीएम-४१ (अशाच छिद्रांचं मटेरियल) मध्ये हे सहज जमतं कारण तिथं भिंतीतलं जाळं नीट जुळलेलं असतं, इथं मात्र बरेच पी-ओएच ग्रुप (फॉस्फरसला जोडलेले ओएच) न जुळता मोकळे राहतात असं मला वाटतं.

वाचनात आलं की कॅल्सिनेशनच्या आधी पावडर फॉस्फोरिक ॲसिडमध्ये ढवळली तर भिंती पक्क्या होतात आणि ५०० अंशापर्यंत टिकतात. कुणी केलंय का हे? ॲसिड किती मोलर घ्यायचं आणि नंतर किती धुवायचं, कारण मोकळा फॉस्फेट उरला तर तो छिद्रंच बुजवेल ना? दुसरा मार्ग म्हणजे इथेनॉल आणि थोड्या हायड्रोक्लोरिक ॲसिडने टेम्प्लेट काढणं, त्यात उष्णता टळते पण सगळा सीटॅब निघतो का, की शेवटी थोडं तापवावंच लागतं?

आणखी एक, रिॲक्शनमध्ये पाणी तयार होणार आहे, त्यामुळे नुसतं उष्णतेला टिकून भागणार नाही. सापो-३४ (सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि फॉस्फेटचं सच्छिद्र मटेरियल) सुद्धा टेम्प्लेट काढल्यावर दमट हवेत हळूहळू खराब होतो, मग माझ्या मटेरियलचं काय होईल? पाण्यातली स्थिरता तपासायची सोपी टेस्ट कोणती, तेही सांगा प्लीज.