आईबाबांचे कष्ट आणि लहान मुलांची चित्रपुस्तकं : अनुभव धागा

रानजाई
धनेश (हॉर्नबिल) पक्ष्याच्या ढोल्या लिंपायचे दिवस आले की हा विषय हमखास आठवतो. ३ ते ६ वर्षांच्या मुलांना 'आईबाबा तुझ्यासाठी किती झिजतात' हे तोंडी सांगून पोचत नाही, चित्रातून पोचतं. धनेशाचं पुस्तक घरी करता येतं. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठा आणि फळांचा गर लावून आतून दार लिंपते, चोचीपुरती फट ठेवते. आत तिची उडायची पिसं गळतात. ती आत असेपर्यंत सगळं खाणं नर आणतो. 'त्याग' हा शब्द कुठेच नको, नुसत्या फेऱ्या दाखवा. एका पानावर ऊन, एकावर धुकं, एकावर वारा. तोच नर, तीच फट. तुम्ही काय वापरता, कसं वाचता, लिहा.

कागदवेडा
बांधणी सांगतो. १५० जीएसएमचे (म्हणजे जरा जाड) ४ कागद मधोमध दुमडून एकात एक, झाली १६ पानं. घडी कागदाच्या धाग्याच्या (आतल्या तंतूंच्या) दिशेनेच, नाहीतर कण्यावर तडकतो. तयार ए-फोरचा धागा बहुतेकदा लांबीला असतो आणि घडी आडवी पडते, म्हणून मोठा तक्ता आणून कापा. दोन्हीकडून हलका वाकवून बघायचा, सहज वाकेल ती दिशा. साधा स्टेपलर मध्यापर्यंत पोचत नाही, शिवाच. मध्ये एक भोक, वर-खाली ६ सेंमीवर एकेक, दोरा ५० सेंमी. बाहेरून मधल्यातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, परत मधल्यातून बाहेर. कण्यावरच्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना दोन टोकं ठेवून गाठ मारा.

मुग्धा_ठाणे
फट कापू नका!! पान उलटलं की मागच्या चित्रात भोक. त्यापेक्षा ४×५ सेंमीची झडप, एकाच कडेला चिकटवलेली. फेव्हिकॉलने पान फुगतं, ग्लू स्टिक घ्या.

देवराई
नराच्या चोचीत फळांचा घड काढू नका. तो वड-उंबराची फळं गळ्यात साठवून आणतो, मग एकेक वर काढून चोचीच्या टोकाने भरवतो. मुलांना हे फार आवडतं. आणि 'नर मेला तर सगळं कुटुंब उपाशी मरतं' हे वाक्य ४ वर्षांच्या मुलाला कृपया नको. बाबांना यायला उशीर झाला की तेच डोक्यात फिरत राहतं.

अनघा_आ
देवराई, अगदी. वाचताना 'आता तो काय आणेल?' विचारा आणि गप्प बसा. मोठ्यांना गप्प राहवत नाही, तिथेच बिघडतं. पुस्तक मिटल्यावर 'बघ, आम्हीपण तुझ्यासाठी...' हे तर अजिबात नको, गोष्टीचं ओझं होतं मुलावर. 'मग मी आईला त्रास देतो का?' असं आलंच तर सरळ सांगायचं : नाही रे. भूक लागली की ओरडणं पिल्लाचं काम, आणणं मोठ्यांचं.

कल्याणी
+१
आई नोकरीसाठी परगावी असेल तर एम्परर पेंग्विन घ्या. आई अंडं देऊन समुद्रावर जाते, बाबा साधारण २ महिने ते पायांवर घेऊन उपाशी उभा. पण आई मासे घेऊन परत येते ते पान मोठं, दोन्ही पानांवर पसरलेलं हवं. नाहीतर 'आई सोडून गेली' एवढंच उरतं.

मोरपीस७
राणीच्या बागेतले तेच का?

कल्याणी
नाही गं, ते हम्बोल्ट. ते उबदार किनाऱ्यावरचे, दोघं आळीपाळीने उबवतात. तेही छान होईल पुस्तकात!

बालवाडीताई
पानावर दोनच ओळी. नुकतं वाचायला लागलेल्यांसाठी जोडाक्षरं टाळा. चित्र काढायला वेळ नसेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं मोफत उतरवता येतात.

मोरपीस७
मुलं पहिला प्रश्न विचारणार, ती आत शी कुठे करते?

देवराई
त्याच फटीतून बाहेर. त्याचंही एक पान करा, ढोली स्वच्छ ठेवणं हेही तिचंच काम आहे.