चर्चा धागा: इंदूरच्या घरमालकांना संघटना हवी, की एक बरा वकील पुरे?

जुना तुकोगंज
इंदुरात घरमालकांची नवी संघटना काढायची बोलणी चालू आहेत. मसुदा ग्रुपांवर फिरतोय, ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: सगळ्यांना एकच छापील करारनामा, भाडेकरू आला की पोलिसांना सूचना द्यायचं काम संघटनेचा माणूस करणार, भाडं बुडवणाऱ्यांची यादी सभासदांत फिरवायची, कॉलनीवार किमान किराया ठरवायचा, आणि भोपाळला निवेदनं देऊन नवा भाडेकायदा मागायचा.

माझं मत स्पष्ट आहे: संघटना हवी. इथली भांडणं आजही १९६१ च्या मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियमावर, म्हणजे जुन्या भाडेकायद्यावर चालतात. भाडेकरूला उठवायची कारणं त्याच्या कलम १२ मध्ये आहेत, त्यात बसलात तर जागा परत, नाहीतर चकरा. केंद्रानं जून २०२१ मध्ये आदर्श भाडे कायदा मंजूर केला. घरासाठी फार तर दोन महिन्यांचं डिपॉझिट, मुदत संपून न निघणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट आणि नंतर चौपट भाडं, भाडे न्यायालयात ६० दिवसांत निकाल. पण तो नुसता नमुना, राज्यानं आपला कायदा केल्याशिवाय त्याचा इथे उपयोग शून्य. तो मागायला एकटा मालक गेला तर दाराबाहेर बसेल. सराफ्यापासून कापड बाजारापर्यंत प्रत्येक धंद्याची संस्था आहे, मग आपणच का सुटे?

पोहे विदाउट जलेबी
चौथा मुद्दा वाचला आणि चहा खाली ठेवला. "कॉलनीवार किमान किराया" असं लेखी ठरवून सह्या करणार? २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ३ नेमकं यासाठीच आहे. एकाच धंद्यातल्यांनी मिळून दर ठरवला की तो स्पर्धेला मारक आहे असं कायदा धरूनच चालतो, तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मग तुमची. आणि सुदामा नगरात एका गल्लीत गाडी लागते, पुढच्या गल्लीत स्कूटर वळत नाही, दोन्हींचा किराया एक कसा?

कलम बारा
चौथ्या मुद्द्यावर वरच्यांशी सहमत, तो काढाच. पण मला पहिला मुद्दा जास्त घातक वाटतो, कारण तो निरुपद्रवी दिसतो.

मसुद्यासोबत फिरणारा करारनामा बारकाईनं वाचा. तो पुण्यातल्या कुणा आत्तेभावाकडून आणलेला लीव्ह अँड लायसन्सचा फॉर्म आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम २४ आहे, मुदत संपली की तिथे झटपट ताबा मागता येतो. आपल्याकडे ते कलम नाही. भाडेकरूच्या हातात पूर्ण ताबा, स्वतःचं कुलूप, दरमहा ठरलेली रक्कम असेल तर वर 'लायसन्स' लिहून काही होत नाही, कोर्ट त्याला किरायेदारीच म्हणू शकतं.

तसाच दुसरा गैरसमज अकरा महिन्यांचा. अकरा महिने का? एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, ती नोंदणी आणि तिचा खर्च टाळायला. बाराव्या महिन्यात भाडेकरू आपोआप उठतो असा त्याचा अर्थ नाही. करार संपला तरी १९६१ चा कायदा त्याला धरून ठेवतो.

थकबाकीच्या दाव्यात मालक कुठे पडतात तेही सांगतो. आधी मागणीची लेखी नोटीस जायला हवी: कुठल्या महिन्यांचं, दरमहा किती, एकूण किती. नोटीस मिळाल्यापासून भाडेकरूला दोन महिने. ते संपायच्या आत दावा ठोकला तर पहिल्याच तारखेला 'अकाली' म्हणून हरकत येते. दुसरी चूक अशी की त्याच आकड्यात विजेचं बिल, टँकरचे पैसे आणि रंगाचा खर्च घालतात. मग 'मुळात किराया किती' यावरच वाद लागतो आणि कोर्टाला आधी तात्पुरतं भाडं ठरवावं लागतं. समन्स मिळाल्यावर भाडेकरूनं एका महिन्यात थकबाकी कोर्टात भरली आणि पुढे दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावर तो वाचतो. पण ही सूट एकदाच. नंतर सलग तीन महिने चुकला की संपलं. म्हणून पहिल्या दाव्याचे कागद फेकू नयेत, दुसऱ्या वेळी तेच उपयोगी पडतात.

निवृत्त सरकारी नोकर, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री आणि अपंग मालक यांना तर आधीच वेगळी वाट आहे, १९६१ च्याच कायद्यातलं प्रकरण ३-अ. स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी जागा हवी असेल तर दिवाणी कोर्टाऐवजी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथे भाडेकरूला बचाव करायचा तर समन्सनंतर १५ दिवसांत परवानगी मागावी लागते. लोकमान्य नगरातले निम्मे मालक या वर्गात बसतील. त्यांना मोर्चा नको, नीट लिहिलेला अर्ज हवा.

भंवरकुआं रीडिंग रूम
सगळे मालकांच्या बाजूनंच बोलताय. तिसऱ्या मुद्द्याबद्दल कुणी काही म्हणेल का? 'बुडव्यांची यादी' म्हणजे स्पर्धा परीक्षेला आलेल्या पोराचा फोटो, आधार आणि गावचा पत्ता चारशे लोकांच्या ग्रुपवर. बुडवलं हे ठरवणार कोण? डिपॉझिट परत देताना 'रंग, गीझर, साफसफाई' म्हणून निम्मे पैसे कापले आणि पोरगा शेवटच्या महिन्याचं भाडं न देता गेला, तर बुडव्या कोण?

उपाय साधा आहे. आत येताना दोघांनी मिळून खोलीची यादी करायची: पंखे किती, गीझर चालू की बंद, खिडकीची कोणती काच तडकलेली, मीटरचं रीडिंग, भिंतीवर ओल कुठे. प्रत्येक भिंतीचा तारखेसह फोटो, यादीवर दोघांच्या सह्या. जाताना तीच यादी समोर ठेवायची. वापरानं उडालेला रंग भाडेकरूच्या माथी मारायचा नाही, फुटलेलं बेसिन मारायचं. तुमच्या छापील करारनाम्यात असा एक कागद जोडलाय का? नाही. 'बॅचलर ठेवणार नाही' हे मात्र ठळक अक्षरात आहे.

जुना तुकोगंज
यादीचा हेतू कुणाची बदनामी नाही. पण घर देताना माणूस कसा आहे हे मालकानं जाणून घ्यायचं तरी कसं?

कलम बारा
आधीच्या मालकाला फोन करून, आणि ई-कोर्ट्सच्या साइटवर इंदूर जिल्हा निवडून पक्षकाराचं नाव टाकून. दावा झाला असेल तर तिथे दिसतो, मात्र एकाच नावाची पाच माणसं निघतात, तेव्हा वडिलांचं नाव जुळवा. ग्रुपवर 'हा चोर आहे' लिहिलंत तर मानहानीची नोटीस लिहिणाऱ्याला येईल, संघटनेला नाही. आधार घ्यायचंच तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत घ्या, ती आधारच्या साइटवरूनच मिळते.

पोलीस सूचनेचा मुद्दा मात्र चांगला आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायचा आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १६३ खाली निघतो, एका वेळी दोन महिन्यांचा, म्हणून पुन्हा पुन्हा निघतो आणि लोक समजतात की जुना संपला. मोडला तर गुन्हा मालकावर, भाडेकरूवर नव्हे. मध्यप्रदेश पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर घरबसल्या माहिती भरता येते. पावती मात्र छापून कराराला टाचा.

हिशेबनीस
कायदा राहू द्या, रोजची भांडणं विजेवरून होतात आणि मसुद्यात वीज हा शब्दच नाही.

मालक वरच्या मजल्याला सबमीटर लावतात आणि सरळ १० रुपये युनिट घेतात. घरगुती वीज इथे टप्प्याटप्प्यानं महागते. त्यात अटल गृहज्योती योजना अशी, की महिन्याचा वापर १५० युनिटपर्यंत असेल तर पहिली १०० युनिट १०० रुपयांत. आता एकाच मीटरवर मालकाचे ११० आणि भाडेकरूचे १३० युनिट आले तर बेरीज २४०. वेगवेगळे दोघेही १५० च्या आत, एकत्र दोघेही बाहेर. शिवाय बेरीज वरच्या टप्प्यात जाते ती वेगळीच. मालकाला वाटतं आपण १० घेऊन कमावलं, खरं तर तो स्वतःची सवलत घालवून बसलेला असतो.

स्वयंपाकघर आणि जिना वेगळा असेल तर भाडेकराराची प्रत आणि मालकाचं संमतिपत्र लावून वेगळं कनेक्शन मागा. फक्त बिल कुणी भरायचं हे करारात लिहा, नाहीतर भाडेकरू गेल्यावर थकबाकी मीटरला चिकटून राहते.

आणि संपत्तिकर. स्वतः राहत्या घराला नगर निगमच्या करात निम्मी सूट असते, भाड्यानं दिलेल्या भागाला नाही. पूर्ण घर 'स्वनिवास' दाखवून वरचा मजला भाड्यानं देणारे आपल्यात थोडे नाहीत. संघटना नोंदवून, पोलिसांकडे रीतसर सूचना देऊन हीच माणसं निगमपुढे स्वतःची नावं उघड करणार आहेत, एवढं ध्यानात असू द्या.

वाड्याची ओसरी
हिशेबनीसांचा शेवटचा परिच्छेद वाचून निम्मे सभासद गळतील :)

माझा विरोध वेगळ्या कारणानं. 'घरमालक' ही एक जात नाही. राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्याचा मालक बघा, खाली तीन पिढ्यांचं दुकान, भाडं इतकं की छपराची कौलं बदलायला पुरत नाही. १९६१ च्या कायद्यात १९४८ पूर्वी भाड्यानं गेलेल्या जागांचं प्रमाणित (म्हणजे कायद्यानं ठरवलेलं) भाडं १ जानेवारी १९४८ च्या आकड्याला बांधलेलं आहे. त्याला भाडं वाढवून हवंय, नाहीतर जागा. दुसरा भंवरकुआंचा हॉस्टेलवाला. त्याचा भाडेकरू दर वर्षी बदलतो, त्याला कलम १२ शी घेणंदेणं नाही, त्याची डोकेदुखी जीएसटी आणि अग्निसुरक्षा. तिसरं लोकमान्य नगरातलं निवृत्त जोडपं, ज्यांना वरचा मजला फक्त वेळेवर भरलेला हवा. कार्यकारिणीत पैसा आणि वेळ कुणाकडे असणार? हॉस्टेलवाल्याकडे. निवेदनं कुणाची जाणार?

तीन सीटर
हॉस्टेलची बाजू कुणी मांडली नाही म्हणून: माणशी महिना २०,००० पर्यंत आणि सलग किमान ९० दिवस मुक्काम असेल तर जीएसटी नाही, हे २०२४ पासून आहे. त्यामुळे सांभाळायचं एवढंच की करार आणि पावत्यांत ९० दिवस दिसले पाहिजेत. दोन महिन्यांच्या क्रॅश कोर्सवाल्या पोरांना घेतलं की ते दिसत नाहीत. यासाठी सीए पुरतो.

जुना तुकोगंज
ठीक. किमान किराया आणि यादी दोन्ही काढायला मी सांगतो. पण कायद्याची मागणी सोडणार नाही. ओसरीकर म्हणतात तसे तीन प्रकार असतील तर कार्यकारिणीत तिघांच्या जागा उपनियमांतच ठरवून टाकू. सोसायटी कायद्यात नोंदणीला सात माणसं पुरतात.

वाड्याची ओसरी
सात माणसं मिळतील हो. पुढे दर वर्षी कार्यकारिणीची यादी आणि ऑडिट रजिस्ट्रारकडे जायला हवं. ते राहिलं की दोन गट, दोन लेटरहेड आणि एकाच संस्थेचे दोन अध्यक्ष. उपनियमांत हे काम कुणाचं, तेही लिहा.

भंवरकुआं रीडिंग रूम
नवा कायदा मागायचाच तर अख्खा मागा. केंद्राच्या त्या नमुन्यात मालकाला खोलीत शिरायला २४ तास आधी सूचना द्यावी लागते, आणि डिपॉझिट दोन महिन्यांवर जात नाही. निवेदनात फक्त दुप्पट-चौपट आणि ६० दिवसच आहेत, हे दोन्ही गाळलेत.

जुना तुकोगंज
बघितलं. खरंच गाळलेत. टाकायला सांगतो, सगळे मानतील असं नाही.

पोहे विदाउट जलेबी
आणि पाणी? नर्मदा एक दिवसाआड येते, मे महिन्यात बोअर आटला की टँकर. त्याचे पैसे माणशी की मजल्याप्रमाणे, हे त्या छापील करारनाम्यात कुठल्या ओळीत आहे तेवढं कुणीतरी सांगा.