अपंगत्व पेन्शनचा दावा फेटाळला तर

ताई, सैन्यातून निवृत्त झालेल्या काकांचा पेन्शनचा दावा फेटाळल्याच्या पत्रात ‘आजार सेवेमुळे नाही’ एवढंच लिहिलंय म्हणता, तर अपील कराच. पत्रापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, तेही नाकारलं तर दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्या ग्वाल्हेरसाठी जबलपूर खंडपीठ. पण आधी रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे सेवेतून सोडताना तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाच्या, कागदांची प्रत मागवा, सगळं त्यावरच ठरतं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि बोर्डानं कारणंही दिली नसतील, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा धरमवीर सिंह निकाल जोडा. जवान भरतीच्या वेळी निरोगी होता असंच त्यात धरलंय. अर्जात नुसती विनंती नको. आजार पहिल्यांदा कोणत्या पोस्टिंगवर दिसला, ते तारखेसह लिहा. काका सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झाले असतील तर नवे नियम लागतात, तेवढं आधी सांगा.