नाकाच्या शेंड्याजवळची १.२ सेंमीची जखम : बायलोब्ड फ्लॅप फुगतो का?

प्रश्न : बीसीसी (बेसल सेल कार्सिनोमा, त्वचेचा एक कॅन्सर) काढून कडा निगेटिव्ह आल्यात, म्हणजे कडांत कॅन्सर उरलेला नाही. जखम गोल, नाकपुडीच्या कडेपासून ७ मिमीवर. सरळ टाके घातले तर नाकपुडी वर ओढली जाते. बायलोब्ड फ्लॅप (शेजारच्या त्वचेचा दोन पाळ्यांचा तुकडा, एका बाजूनं जोडलेला ठेवून फिरवायचा; पहिली पाळी जखमेवर, दुसरी पहिलीच्या जागी) करावा तर तो पुढे उशीसारखा फुगतो म्हणतात. का?

उत्तर १ : जुन्या आखणीत फ्लॅप एकूण १८०° फिरायचा, बुडाशी डॉग इअर (त्वचेची उभी राहिलेली घडी) ठरलेलाच. त्वचा-शल्यविशारद झिटेलींच्या १९८९ च्या बदलाप्रमाणे प्रत्येक पाळी ४५-५०° एवढीच फिरवा. पहिली पाळी जखमेएवढी, दुसरी किंचित अरुंद, टोकदार. बुरोचा त्रिकोण (अशी घडी पडू नये म्हणून कापून टाकायचा त्वचेचा तुकडा) आधीच आखा. दुसऱ्या पाळीचा अक्ष नाकपुडीच्या कडेला काटकोनात ठेवा, म्हणजे मिटताना ओढ कडेला समांतर जाते.

उत्तर २ : फुगण्याचं मूळ बहुतेकदा अंडरमायनिंगमध्ये, म्हणजे त्वचा खालच्या थरापासून सोडवण्यात. स्नायूखालून, कूर्चेच्या आवरणाच्या लगेच वर, आणि जखमेच्या भोवतालीही सोडवायचं. नुसता फ्लॅप उचलला की भोवतीचा वण आकसतो नि मधला भाग वर येतो. आणि हो, पहिला टाका दुसरी पाळी जिथून उचलली तिथे. मग फ्लॅप आपसूक जागेवर बसतो.

उत्तर ३ : तरी फुगलाच, तर महिना-दीड महिन्यानं ट्रायमसिनोलोन (स्टिरॉइडचं इंजेक्शन) १० मिग्रॅ/मिली, अगदी थोडं, वणाच्या आत. त्वचेवर वरवर टोचलंत तर खड्डा पडेल.